बाल्कनी हवी... आणि तीही मागची!

हल्ली भिशी असो, हळदीकुंकू असो, नाहीतर मंडळाची मीटिंग, एक विषय हमखास निघतो. तो म्हणजे क्रूझ! कुणी सिंगापूरहून तीन रात्रींची करून आलेली असते, कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीपला जाणार असते. ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचं तर उन्हाळ्यात अलास्का ठरलेलंच. मग कपडे काय न्यायचे, शाकाहारी जेवण मिळतं का, टिपा किती द्याव्या लागतात, सगळ्याची चर्चा होते. केबिन कुठली घ्यायची, एवढं मात्र कुणी विचारत नाही. विचारलंच तर घरची बाई पटकन म्हणून मोकळी होते, "कुठलीही चालेल हो, झोपायला तर जायचं तिथे!"

"कुठलीही चालेल" हे आपलं जन्माचं पालुपद. रेल्वेत खिडकी मुलांना, गाडीत पुढची सीट ह्यांना आणि नाटकाला गेलो तर कडेची खुर्ची आपल्याला. पण मैत्रिणींनो, जहाजावर ही सवय महागात पडते. हॉटेलची खोली आवडली नाही तर एक रात्र काढून दुसरीकडे जाता येतं. जहाज एकदा भरलं की मिळाली ती केबिन शेवटपर्यंत आपली. म्हणून हा विषय जरा सविस्तर.

केबिनचे ढोबळ चार प्रकार असतात. आतली, म्हणजे खिडकीच नसलेली. ही सगळ्यात स्वस्त. दुसरी न उघडणाऱ्या खिडकीची. तिसरी बाल्कनीची आणि चौथी सूट. जहाजावर बाल्कनी ही तशी अलीकडची चैन आहे. १९८४ साली ब्रिटनच्या राजकन्या डायनाच्या हस्ते ज्याचं नामकरण झालं, त्या 'रॉयल प्रिन्सेस' जहाजावर सगळ्या केबिन समुद्राच्या बाजूला होत्या आणि बऱ्याच केबिनना बाल्कन्या होत्या. त्या काळी हे मोठं नवल होतं. आता नव्या जहाजांवर बाल्कनीवाल्या केबिनच जास्त दिसतात.

या बाल्कन्या बहुतेक जहाजाच्या डाव्या-उजव्या कुशीला असतात. थोड्याच असतात जहाजाच्या अगदी शेपटाला, मागे तोंड करून. इंग्रजीत त्यांना 'आफ्ट बाल्कनी' म्हणतात. संख्येने कमी आणि त्यांचे चाहते पक्के, त्यामुळे त्या लवकर संपतात. सहा-आठ महिने आधी बुकिंग करणाऱ्यालाच सहसा मिळतात.

मागे असं काय आहे? कुशीच्या बाल्कनीतून एकाच बाजूचा समुद्र दिसतो. मागच्या बाल्कनीतून डावीकडचाही दिसतो आणि उजवीकडचाही. शिवाय जहाजाने पाण्यात काढलेला पांढरा फेसाळ रस्ता थेट क्षितिजापर्यंत जाताना दिसतो. जहाज ताशी पस्तीसेक किलोमीटर वेगाने पुढे जातं तेव्हा समोरचा वारा सगळा पुढे अडतो. म्हणून मागे निवांत बसता येतं, पदर सांभाळत बसावं लागत नाही. बऱ्याच जहाजांवर या बाल्कन्या इतरांपेक्षा खोलही असतात. दोन खुर्च्या, एक टेबल आणि वर पाय पसरायला जागा!

आम्ही दोघं लग्नाच्या वाढदिवसाला सिंगापूरहून गेलो, तेव्हा हा अनुभव घेतला. संध्याकाळी जहाज सुटलं. सगळे प्रवासी पुढे गर्दी करून उभे, आणि इकडे आमच्यासमोर अख्खं सिंगापूर दिवे लावत हळूहळू लहान होत गेलं. मग सामुद्रधुनीत नांगर टाकून उभ्या असलेल्या मालवाहू जहाजांचे दिवे. दिवाळीत गच्चीवरून गाव दिसावं तसं. दोन तास कुणी 'पाणी दे' म्हणालं नाही. एवढं सलग बसलेली मी मला तरी आठवत नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईंनी नुसतं कौतुक केलं!

पहिली गोष्ट हलण्याची. एसटीची शेवटची सीट आठवा. गाडी खड्ड्यात गेली की पुढच्यांना कळतही नाही, मागचे मात्र टाळूला लागतात. जहाजाचंही काहीसं तसंच. लाटांवर ते सी-सॉ सारखं पुढे-मागे डुलतं, म्हणून दोन्ही टोकं जास्त वरखाली होतात आणि मधला भाग कमी. आपल्या आज्या कोकणबोटीतून जाताना 'बोट लागते' म्हणायच्या. ते लागणं म्हणजे डोळे आणि कान यांचं भांडण. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'हलतंय', आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. ज्यांना बोट लागते त्यांनी मधली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी. त्रास व्हायला लागला तर क्षितिजाकडे बघत बसावं. इथे बाल्कनीचा उपयोगच होतो. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच न्याव्यात, विशेषतः रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर.

दुसरी गोष्ट आवाजाची. पंखे मागेच फिरतात, त्यामुळे खालच्या मजल्यांवर थरथर जाणवते. बंदरात लागताना तर जास्तच. जहाजाबाहेर बसवलेल्या, सगळीकडे वळणाऱ्या विजेच्या मोटरवर चालणारं पहिलं क्रूझ जहाज १९९८ साली आलं. तेव्हापासून नव्या जहाजांवर ही थरथर पुष्कळ कमी झाली आहे. पण जुनं जहाज असेल तर चौकशी करावी. आवाज वरूनही येतो. आमच्या डोक्यावर नेमकं उघड्यावरचं उपाहारगृह होतं. पहाटे पाचला खुर्च्या ओढायला सुरुवात! केबिन आम्ही निवडलेली नव्हती. 'गॅरंटी' नावाच्या स्वस्त प्रकारात कंपनी देईल ती घ्यावी लागते, तसं आमचं बुकिंग एजंटने करून टाकलं होतं. म्हणून बुकिंगच्या कागदावर केबिनचा नंबर आहे का, हे आधी बघा. नंबर असेल तर जहाजाचा नकाशा मागा आणि आपल्या वर-खाली काय आहे ते पाहा. वरही केबिन आणि खालीही केबिन असेल तर शांत झोप.

तिसरी गोष्ट चालण्याची. मोठी जहाजं तीनशे मीटरच्या पुढे लांब असतात. नाट्यगृह बहुधा पुढे, आपण शेवटी. दिवसातून चार फेऱ्या झाल्या की गुडघे बोलायला लागतात. मागची लिफ्ट केबिनपासून किती लांब, हे विचारायला लाजू नका.

चौथी आडोशाची. काही जहाजांचं शेपूट जिन्यासारखं पायऱ्या-पायऱ्यांचं असतं. मग वरच्या बाल्कनीतून खालची उघडी दिसते. ऊन भरपूर मिळतं, पण नाइट ड्रेसवर केस विंचरत बसता येत नाही! कधीकधी धुराड्याची काजळीही येऊन पडते.

आणि एक खास आपल्यासाठी. बाल्कनी दिसली की आपले हात टॉवेल वाळत घालायला शिवशिवतात. तिथे ते चालत नाही, आणि नियम उगाच केलेले नाहीत. मार्च २००६ मध्ये जमैकाजवळ 'स्टार प्रिन्सेस' जहाजाला आग लागली. बाल्कनीत पडलेल्या जळत्या सिगारेटमुळे ती लागली असावी, असा निष्कर्ष निघाला. बाल्कन्या-बाल्कन्यांतून ती पसरली आणि एका प्रवाशाचा जीव गेला. त्यानंतर बाल्कनीत काय वापरायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. निरांजन, उदबत्ती, इस्त्री घरीच ठेवा. लहान मूल बरोबर असेल तर खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा आणि काचेचं दार कायम लावून घ्या.

आमच्या मंडळातल्या एका काकूंचा मुलगा सिअ‍ॅटलला असतो. त्याने अलास्काची क्रूझ ठरवली आणि आईला फोनवर केबिन विचारली. काकूंचं उत्तर अर्थातच 'कुठलीही'. काकांचं म्हणणं, आतली घ्या, पैसे वाचतील. काकूंचे गुडघे दुखतात, काकांना बोट लागते. आम्ही दोघी नकाशा घेऊन बसलो. अलास्कात एक मेख आहे. सिअ‍ॅटलहून निघणारी जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हरहून निघणारी बेटांच्या आडोशाने, शांत पाण्यातून. कॅनडाच्या व्हिसाचं मात्र दोन्हीकडे बघावं लागतं, कारण सिअ‍ॅटलची जहाजंही वाटेत सहसा कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात. काकांसाठी व्हँकुव्हर ठरलं. काकूंच्या गुडघ्यांसाठी लिफ्टजवळची केबिन. आणि मग मी विचारलं, "आता तुम्हाला काय हवं ते सांगा."

बराच वेळ गेला. मग म्हणाल्या, "मला मागे बसून बघायचंय गं."

ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच क्रूझ जहाजं सोडतात. बर्फाच्या कड्यासमोर जहाज तासभर थांबतं आणि सगळ्यांना दिसावं म्हणून सावकाश गोल वळतं. काकू शाल गुंडाळून सकाळपासून बाल्कनीत. सून दोनदा बोलवायला आली, "आई, आत या, गारठाल." काकू म्हणाल्या, "तुम्ही जेवून घ्या. मी येईन मागून." चाळीस वर्षं सगळ्यांना वाढून मग जेवलेल्या बाईच्या तोंडचं हे वाक्य! आल्यावर त्यांनी आम्हाला बर्फाचं वर्णन थोडकंच केलं. हे मात्र तीनदा सांगितलं.

सगळ्यांनाच क्रूझ परवडते असं नाही, आणि परवडली तरी मागचीच बाल्कनी घ्यावी असंही नाही. पोहण्याच्या तलावात आणि कार्यक्रमांत दिवस घालवणार असाल तर आतली केबिन घेऊन वाचलेल्या पैशांत आणखी एक सहल करा. बोट लागत असेल तर मधली घ्या. पण नकाशा मागवा, चष्मा लावून बसा, एजंटला चार प्रश्न विचारा, आणि मग आपल्या तोंडाने सांगा, मला ही हवी. घरात थोडी शांतता पसरेल. पसरू द्या. तेवढ्यात एजंटला फोन लावा, कारण मागच्या केबिन खरंच लवकर संपतात!