इंग्रजीतील मोठी अक्षरे : नाम की सन्मान?

देवनागरी लिपीत लहान व मोठे अक्षर असा भेद नाही. 'गंगा' ही नदी असो वा एखादी मुलगी, विशेषनामाची ओळख संदर्भावरूनच पटते. मराठी माध्यमातून आलेल्या अभ्यासकास इंग्रजीत लिहिताना मात्र ही ओळख अक्षराच्या आकाराने करून द्यावी लागते आणि तेथे मनातील आदरभाव आड येतो. 'कॉलेज', 'प्रिन्सिपल', 'रिसर्च' हे शब्द महत्त्वाचे वाटतात, म्हणून ते वाक्यात कोठेही आले तरी मोठ्या अक्षराने लिहिले जातात. मराठीत आदरार्थी बहुवचन जे कार्य करते, तेच मोठ्या अक्षराकडे सोपविण्याचा हा प्रकार होय.

वस्तुतः इंग्रजीतील मोठे अक्षर प्रामुख्याने नाम दर्शविते, महत्त्व नव्हे. 'युनिव्हर्सिटी ऑफ मुंबई' यात 'युनिव्हर्सिटी' हा शब्द नावाचा घटक आहे, म्हणून तो मोठ्या अक्षराने येतो. 'कोणतेही एक विद्यापीठ' या अर्थी तोच शब्द लहान अक्षराने लिहावयाचा. महाविद्यालयीन लेखनात सर्वाधिक गोंधळ होतो तो विषयांच्या नावांबाबत. 'हिस्टरी', 'इकॉनॉमिक्स' ही ज्ञानशाखांची सामान्यनामे असल्याने लहान अक्षराने, तर 'इंग्लिश', 'मराठी', 'संस्कृत' ही भाषांची नावे असल्याने मोठ्या अक्षराने लिहितात. अभ्यासपत्रिकेचे पूर्ण शीर्षक असेल तर मात्र 'हिस्टरी'लाही मोठे अक्षर मिळते. वार व महिने मोठ्या अक्षराने, ऋतू लहान अक्षराने, ही विसंगती रूढीची आहे. तिचे तर्कशास्त्र शोधण्यात अर्थ नाही.

विज्ञानातील संकेत अधिक काटेकोर आहेत. 'न्यूटन' व 'वॉट' ही एकके शास्त्रज्ञांच्या नावांवरून आली, तरी एकक म्हणून ती लहान अक्षराने लिहितात. त्यांची चिन्हे मात्र मोठ्या अक्षराची. 'डिग्री सेल्सिअस' यातील 'सेल्सिअस' हा अपवाद. आंब्याच्या 'मँजिफेरा इंडिका' या शास्त्रीय नावात प्रजातीचे नाव मोठ्या अक्षराने सुरू होते. 'इंडिका' हे पद भारताचे वाचक असूनही लहान अक्षरानेच येते. हा संकेत बिनचूक पाळणारा अध्यापक त्याच निबंधाच्या प्रस्तावनेत 'बॉटनी' मोठ्या अक्षराने लिहून जातो, हे नवल होय.

इंग्रजीतही हे नियम सदैव असेच नव्हते. 1787 मध्ये तयार झालेल्या अमेरिकेच्या संविधानाच्या मूळ प्रतीत असंख्य सामान्यनामे मोठ्या अक्षराने आढळतात. जर्मन भाषेत आजही सर्व नामांना मोठे अक्षर लागते. कायद्याच्या भाषेत मोठे अक्षर पुष्कळदा परिभाषित अर्थाची खूण असते. परंतु केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 12 मध्ये शासनसंस्था या अर्थाचा 'स्टेट' आणि घटकराज्य या अर्थाचा 'स्टेट' एकाच वाक्यात येतात व दोन्ही मोठ्या 'एस'ने लिहिलेले आहेत. तेथे अर्थ ठरतो तो व्याख्येने.

संदर्भसूचीचा प्रश्न निराळा. 'एपीए' पद्धतीत लेखाच्या शीर्षकातील पहिला शब्द, उपशीर्षकाचा पहिला शब्द व विशेषनामे एवढ्यांनाच मोठे अक्षर देतात. नियतकालिकाच्या नावात मात्र प्रमुख शब्द मोठ्या अक्षराने येतात. 'एमएलए' पद्धतीत लेखाच्या शीर्षकातीलही प्रमुख शब्दांना मोठे अक्षर मिळते. एकाच सूचीत दोन्ही पद्धती मिसळल्यास निबंध दुरुस्तीसाठी परत येण्याचा संभव असतो.