हार्ड डिस्कची जोडणी : मेळ आणि वेग

चेन्नईच्या अण्णा सालैवरून, म्हणजे जुन्या माउंट रोडवरून, चिंताद्रिपेटच्या बाजूला वळले की रिची स्ट्रीट नावाचा बाजार लागतो. मुंबईकरांना जसा लॅमिंग्टन रोड, दिल्लीकरांना जसे नेहरू प्लेस, तशी चेन्नईकरांना ही रिची स्ट्रीट. नाव एका रस्त्याचे असले, तरी बाजार नरसिंगपुरम स्ट्रीटसारख्या शेजारच्या गल्ल्यांतही पसरलेला आहे. येथे नवे संगणक मिळतात आणि जुन्या संगणकांचे सुटे भागही मिळतात. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही दुसरी गोष्टच अधिक महत्त्वाची आहे.

अशी कल्पना करा, की भोसले घराण्याच्या राजवटीत तंजावरला स्थायिक झालेले आणि पुढे नोकरीनिमित्त चेन्नईस आलेले एक मराठी कुटुंब आहे. २००४ साली त्या घरातील आजोबांनी पिढीजात मोडी कागद स्कॅन करून संगणकात साठवून ठेवले. मूळ कागद नंतर वाळवीने खाल्ले. संगणकही जुना होऊन माळ्यावर गेला. म्हणूनच २०१५ च्या डिसेंबरातील पुराचे पाणी घरात शिरले, तेव्हा तो बचावला. आज त्यांची नात त्यातील ४० गिगाबाइटची हार्ड डिस्क काढते आणि आपल्या नव्या संगणकाशी जोडू पाहते, तर तिच्या जोडणीसाठी जागाच नाही! डिस्क कदाचित ठणठणीत असेल, परंतु तिच्याशी बोलण्याची वाट बुजली आहे.

हार्ड डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधील या वाटेला इंटरफेस म्हणतात. आपण तिला ‘जोडणी’ म्हणू. जोडणी म्हणजे केवळ केबल नव्हे. टोकांचा आकार जुळला पाहिजे, विजेचे संकेत जुळले पाहिजेत आणि दोन्ही बाजूंना एकच भाषा समजली पाहिजे. या तिन्ही गोष्टी जुळल्या, तरच मेळ बसला असे म्हणता येते.

आजोबांच्या डिस्कची जोडणी आयडीई किंवा एटीए या नावाने ओळखली जाई. १९८० च्या दशकाच्या मध्यास ती आकारास आली आणि १९९४ मध्ये तिला अधिकृत मानकाचे रूप मिळाले. रुंद, चपटी, करड्या रंगाची पट्टी आणि टोकाला ४० पिनांची जागा, हे तिचे रूप. या पट्टीतून एका वेळी १६ बिट शेजारशेजारच्या तारांतून निघत. म्हणून तिला समांतर जोडणी म्हणतात. एका पट्टीवर दोन डिस्का लावता येत, पण एका वेळी एकीलाच बोलता येई. त्यांपैकी थोरली कोणती आणि धाकटी कोणती, हे डिस्कच्या पाठीवरील जंपर नावाच्या इवल्याशा टोपणाने ठरवावे लागे. हा जंपर चुकीच्या जागी बसला, की धडधाकट डिस्कही संगणकाला दिसत नसे.

सोळा बिट एकदम पाठवणारी जोडणी एकेक बिट पाठवणाऱ्या जोडणीपेक्षा वेगवान असणार, असे आपल्याला सहज वाटते. प्रत्यक्षात मात्र उलटे घडले. वेग वाढू लागला, तसा एका तारेतील संकेत शेजारच्या तारेत घोटाळा करू लागला. शिवाय सोळा जणांनी एकाच क्षणी पोहोचावे, हेही अवघड होत गेले. सेकंदाला ६६ मेगाबाइटचा टप्पा गाठण्यासाठी पट्टीत आणखी ४० तारा घालाव्या लागल्या. त्या माहिती वाहत नसत, संकेतांच्या तारांमध्ये आडोसा म्हणून असत. अशा ८० तारांच्या पट्टीवर १०० आणि पुढे १३३ मेगाबाइटपर्यंत मजल गेली आणि तेथे हा मार्ग संपला.

२००३ पासून बाजारात आलेल्या साटा जोडणीने सोळा तारांचा मोह सोडला. बिट एकामागून एक, परंतु फार वेगाने पाठवायचे, हे तिचे तत्त्व. पहिल्या साटाचा वेग सेकंदाला १५० कोटी बिट होता. संकेत शुद्ध राहावेत म्हणून ८ बिटांच्या मजकुरासाठी १० बिट पाठवले जात. त्यामुळे प्रत्यक्ष वेग १५० मेगाबाइट पडे. पुढील आवृत्त्यांनी तो ३०० आणि ६०० मेगाबाइटपर्यंत नेला. केबल बोटभर रुंदीची झाली आणि जंपरची कटकटही बहुतांशी मिटली.

बहुतांशी म्हणण्याचे कारण आहे. नवी साटा डिस्क जुन्या साटा जोडणीला लावली, तर दोघांनी आपसांत ठरवून कमी वेग पत्करावा, असा नियम आहे. काही जुन्या मदरबोर्डांना मात्र हे ठरवणे जमत नसे. त्यांच्यासाठी काही डिस्कांवर वेग सक्तीने १५० वर आणणारा जंपर ठेवावा लागला. आजही असा प्रकार घडतो. एम.टू नावाच्या छोट्या खाचेत साटाची भाषा बोलणारी पट्टी बसते आणि एनव्हीएमई ही निराळी भाषा बोलणारीही बसते. मदरबोर्डाला त्यांपैकी एकच येत असेल, तर दुसरी नीट बसूनही मुकीच राहते. खाचेत बसली म्हणजे चालेलच, असे मानू नये.

वेगाच्या आकड्यांबाबतही सावध असावे. खोक्यावर छापलेला आकडा वाटेची रुंदी सांगतो, चालणाऱ्याची चाल नव्हे. २००४ च्या सुमाराची घरगुती हार्ड डिस्क आपल्या फिरत्या तबकडीवरून सेकंदाला साधारण ५० मेगाबाइटच वाचू शकत असे. तिला १३३ ची वाट दिली काय किंवा ६०० ची दिली काय, ती आपल्याच चालीने चालणार. ६०० ची वाट खरोखर अपुरी पडू लागली, ती तबकडीऐवजी चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडी आल्यावर.

आता नातीकडे वळू. रिची स्ट्रीटवर तिला एक अडॅप्टर मिळू शकतो. त्याच्या एका टोकाला ४० पिनांची जागा असते, दुसऱ्या टोकाला यूएसबी असते आणि मध्ये दुभाष्याचे काम करणारी चिप असते. तो घेताना डिस्कचा आकार सांगणे आवश्यक आहे. साडेतीन इंची डिस्कला ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात आणि साध्या यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात. म्हणून अडॅप्टरबरोबर विजेचा वेगळा ठोकळा हवा. तो नसेल, तर तबकडी फिरणारच नाही आणि डिस्क मेली, असा गैरसमज होईल. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्कला ४४ पिना असतात, तिचे टोक निराळे. जंपरही बहुधा थोरलीच्या जागी असावा लागतो.

यूएसबीच्या पहिल्या पिढीतून ४० गिगाबाइट उतरवायला सुमारे अकरा तास लागले असते. यूएसबी २ वर सेकंदाला ३० मेगाबाइट मिळाले, तर २२ मिनिटांच्या आसपास काम होते. यूएसबी ३ घेऊन ही वेळ फार तर काही मिनिटांनी घटेल, कारण मग डिस्कचीच चाल आडवी येते. डिस्क बरीच वर्षे बंद होती, तेव्हा ती पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. पहिल्याच खेपेस मोडी कागदांचा फोल्डर उतरवावा, मग बाकीचे. फोल्डर उघडून प्रत्येक चित्र दिसते का, हे पाहिल्यावरच केबल काढावी.