बाह्या न घातलेला कोट

२०२५च्या डिसेंबरात जेन ऑस्टिनच्या जन्माला २५० वर्षे झाली आणि कौतुकाला उधाण आले. ते रास्तच. पण ऑस्टिनने जिला ‘एमा’ची प्रत आवर्जून धाडली, त्या मराया एजवर्थच्या वाट्याला २०१८ साली, तिच्या अडीचशेव्या वर्षी, याच्या पासंगालाही पुरेल एवढे कौतुक आले नाही. वडिलांच्या मुठीतली उपदेशखोर बाई, एवढ्यावर समीक्षेने तिची बोळवण कधीच केली आहे. ऑक्सफर्डशायरमधला जन्म, इंग्रजी शाळा, बालशिक्षणावरचे ग्रंथ, हे सगळे ओलांडून १८०० सालापाशी थांबले, की ती बोळवण किती आळशी होती ते दिसते.

त्या वर्षी, आयर्लंडची पार्लमेंट ब्रिटनमध्ये विलीन करण्याचा कायदा होत असताना, तिची ‘कॅसल रॅकरेंट’ ही कादंबरी निनावी छापून आली. कुळांना पिळून स्वतः कंगाल होत गेलेल्या जमीनदारांच्या पिढ्यांची ही कहाणी सांगतो त्यांचा म्हातारा कारभारी थॅडी. त्याचा लांब कोट गळ्याशी एका बटणावर लोंबतो. हात कधी घातलेच नाहीत, म्हणून सात वर्षांनीही बाह्या कोऱ्या! मालकाचे गोडवे गाता गाता हा माणूस त्याचे वाभाडे काढतो, आणि वकील झालेला त्याचाच मुलगा जेसन अखेर इस्टेट गिळतो. हा आवाज पुस्तकी नव्हता. १७८२ पासून लाँगफर्ड परगण्यातल्या एजवर्थस्टाउनला ती वडिलांच्या हाताखाली खंडाचे हिशेब ठेवत होती, घरच्या कारभाऱ्याची बोली ऐकत होती.

वडिलांनीच तिची धार बोथट केली, हा आक्षेप निराधार नाही. १८०१च्या ‘बेलिंडा’त जुबा हा काळा नोकर इंग्रज शेतकरी मुलीशी लग्न करतो, वडिलांच्या भिडेखातर १८१०च्या आवृत्तीतून ते लग्न गेले. हा डाग पुसला जाणार नाही. पण लंडनमध्ये खंड उधळणाऱ्या जमीनदारांवरची ‘द ॲबसेंटी’ १८१२ साली, वडिलांच्या हयातीतच आली. ते १८१७ मध्ये वारले. पुढच्या बत्तीस वर्षांत मोठ्यांसाठी तिची एकच कादंबरी निघाली, १८३४ची ‘हेलन’, तीही इंग्रजी समाजाची. अडसर एकट्या वडिलांचा असता, तर तो निघाल्यावर लेखणी मोकळी धावायला हवी होती.

खरे कारण तिने १८३४ सालीच हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत असलेल्या भावाला लिहिलेल्या पत्रात आहे: वास्तव आणि पक्षद्वेष इतके पेटले आहेत, की आजचे आयर्लंड कादंबरीत उतरवणे अशक्य. १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंटची दारे उघडली होती, कॅथलिकांचा पुढारी ओकॉनेल याच्या मागे कुळे उभी राहत होती. आणि १८२६ पासून इस्टेटीचा कारभार तिच्याच हाती होता. कोपऱ्यात उभ्या नोकराला आवाज द्यायला ती धजली. कूळ स्वतःच बोलू लागल्यावर मात्र मालकाच्या बाजूची ही बाई गप्प झाली. तिला दयाबुद्धी नव्हती असे नाही. पुढे आयर्लंडमध्ये पडलेल्या मोठ्या दुष्काळात ऐंशीच्या घरातली मराया मदतीसाठी पत्रे लिहीत राहिली, बोस्टनच्या मुलांनी पाठवलेले पीठ नि तांदूळ गावाला पोचले. त्या दुष्काळावर कादंबरी मात्र तिने लिहिली नाही.