‘सुई चालत नाही’ एवढंच सांगून भागत नाही



मागच्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईंनी दाढदुखीसाठी गोळी घेतली. दहा मिनिटांत तळहात खाजू लागले, अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. आम्हाला वाटलं, पित्त उठलं. आम्ही आमसुलं भिजवत बसलो, तेवढ्यात त्यांना धाप लागली आणि त्या कोसळल्या. गाडी वेळेत मिळाली, म्हणून आज त्या बैठकीला येतात.

लहानपणी त्यांना एका सुईचा त्रास झाला होता. कोणत्या, ते कुणी लक्षात ठेवलं नव्हतं. नंतर जुने कागद काढले तेव्हा समजलं, ती पेनिसिलिनची होती. आणि दाढेची गोळी होती अमॉक्सिसिलिन. नाव वेगळं, पण कूळ एकच!

आपलं शरीर कधीकधी औषधालाच शत्रू समजतं. त्यालाच ॲलर्जी म्हणतात. एखादं औषध आधी चाललं, म्हणून पुढेही चालेलच असं नाही.

औषधानंतर नुसती खाज आली तरी डॉक्टरांना कळवा. पण घसा आवळला, श्वास अडला, चक्कर आली किंवा ओठ-जीभ सुजली, तर क्षणभरही थांबू नका. १०८ ला फोन करा. बाईला आडवं झोपवून पाय उंच ठेवा. दम लागत असेल तर टेकून बसवा. उभं करू नका, चालवू नका, तोंडात पाणी घालू नका. यावर मुख्य औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन. खाजेच्या गोळीवर विसंबू नका. बरं वाटलं तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून डॉक्टर सांगतील तोवर दवाखान्यातच थांबा.

ॲलर्जी खरंच आहे का, हे पाहायला त्वचेची तपासणी असते. हातावर औषधाचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं पाहतात. गांधी उठली नाही, तर अगदी थोडं औषध कातडीत टोचून पुन्हा पाहतात. पेनिसिलिनसाठी ही तपासणी उपयोगी आहे, पण प्रत्येक औषधासाठी ती नसते. तपासणीतही त्रास होऊ शकतो, म्हणून ती ॲड्रेनॅलिन हाताशी असलेल्या दवाखान्यातच करावी. घरी गोळीचा तुकडा खाऊन बघणं म्हणजे जिवाशी खेळ.

काही जणींची ॲलर्जी तपासणीत खोटीही ठरते. मग चांगलं, स्वस्त औषध उगाच टाळावं लागत नाही.

आमच्या गटात आता प्रत्येकीच्या पासबुकात एक चिठ्ठी असते. कोणतं औषध, काय झालं, कधी झालं, एवढंच त्यात लिहिलेलं. गोळीचं रिकामं पाकीटही आम्ही जपून ठेवतो. पुढच्या बैठकीत तुम्हीही अशी चिठ्ठी लिहा. जिला लिहिता येत नाही, तिची शेजारणीनं लिहून द्यावी. आणि दवाखान्यात गेलात की डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ती आधी दाखवा.