दसरा चौकातली बोर्डिंगं

संपादकांनी विषय दिला तो असा: कोल्हापुरातल्या व्यापारी-उद्योजकांच्या संघटना शहरासाठी काय करतात आणि त्यांतून नेतृत्व कसं घडतं. दाखवायला कोल्हापुरात पुष्कळ आहे. चेंबर ऑफ कॉमर्स आहे, इंजिनिअरिंग असोसिएशन आहे, शिरोलीची ‘स्मॅक’ आहे, गोकुळ शिरगावची ‘गोशिमा’ आहे, गुजरीतल्या सराफांचा संघ आहे. रक्तदान शिबिरं, फुटबॉलच्या सामन्यांना बक्षिसं, महापुरात धान्याची पोती, हे सगळं आपण वर्तमानपत्रात वाचत असतो. 2025 मध्ये ‘प्राडा’ने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता मिरवली, तेव्हा महाराष्ट्र चेंबरचे अध्यक्ष ललित गांधी यांनी कंपनीला पत्र लिहिलं आणि कंपनीला उत्तर द्यावं लागलं. गांधी कोल्हापूरचेच. एकट्या कारागिराच्या पत्राला मिलानहून उत्तर आलं असतं, असं मला वाटत नाही.

तरीही या कामगिरीची यादी करत बसावंसं वाटेना. माझे पाय वळले दसरा चौकाकडे. दसऱ्याच्या संध्याकाळी जिथे सोनं लुटायला अख्खं शहर लोटतं, त्या चौकाच्या भोवती जुनी बोर्डिंगं उभी आहेत: जैन बोर्डिंग, लिंगायत समाजाचा चित्रदुर्ग मठ, मुस्लिम बोर्डिंग. धंदेवाल्या समाजांनी माणसं घडवण्यासाठी पैसा कसा लावावा, याची या शहराने शोधलेली सर्वांत चिवट यंत्रणा म्हणजे ही बोर्डिंगं.

इतिहास थोडक्यात सांगतो. शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा बाजार तिथे रुजवला. 26 जुलै 1902 रोजी संस्थानातल्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. पण जागा भरायला शिकलेली मुलं हवीत, आणि शिकायला शहरात राहावं लागतं. खेड्यातून आलेल्या कुणब्याच्या, शिंप्याच्या, चांभाराच्या पोराला शहरात खोली कोण देणार आणि पंगतीला कोण बसवणार? एकच वसतिगृह काढून सगळ्या जातींची मुलं एकत्र ठेवण्याचा प्रयत्न आधी झाला होता, तो तेव्हाच्या समाजात टिकला नाही. म्हणून राखीव जागांच्या आधीच महाराजांनी दुसरी वाट धरली होती. 18 एप्रिल 1901 रोजी मराठा बोर्डिंग सुरू झालं, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, 1906 मध्ये मुस्लिमांची शिक्षणसंस्था, 1907 मध्ये लिंगायत, 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग.

पुढची नावं वाचताना मी थबकलो. दैवज्ञ बोर्डिंग सोनारांचं, नामदेव बोर्डिंग शिंप्यांचं, वैश्य बोर्डिंग वाण्यांचं, देवांग बोर्डिंग कोष्ट्यांचं. 1919 मध्ये ढोर-चांभार बोर्डिंग, 1921 मध्ये सुतारांचं आणि नाभिकांचं. ही नुसती जातींची यादी नाही. शहरातल्या पेठांची यादी आहे. सोनं, कापड, किराणा, माग, कातडं, लाकूड, वस्तरा: ज्या हातांवर कोल्हापूरचा बाजार चालत होता, त्या प्रत्येक हाताने आपल्या पोरांसाठी एक छप्पर उभं केलं.

यातली मेख पाहण्यासारखी आहे. दरबाराने जागा द्यायची, इमारत द्यायची, वर्षासन बांधून द्यायचं. पण बोर्डिंग चालवायचं समाजाने. वर्गणी गोळा करायची, कमिटी नेमायची, हिशेब ठेवायचा, सुपरिंटेंडेंट नेमायचा, आणि भांडणंही आपली आपणच मिटवायची. राजाने नुसती खैरात केली असती तर राजा गेल्यावर सगळं बंद पडलं असतं. 6 मे 1922 रोजी महाराज गेले, आणि त्यांतली कित्येक बोर्डिंगं शंभरी ओलांडून आजही उभी आहेत. ज्या सोनाराने आयुष्यभर फक्त तराजू धरला होता, त्याला सभेचं इतिवृत्त लिहावं लागलं. ज्या शिंप्याने सरकारी कचेरीची पायरी चढली नव्हती, त्याला अर्ज घेऊन दिवाणांकडे जावं लागलं. मुलांचं शिक्षण नंतर झालं. नेतृत्वाचं पहिलं शिक्षण कमिटीवरच्या बापांना मिळालं.

मुलांच्या शिक्षणाची गोष्ट सांगायची तर ती भाऊराव पाटलांची सांगावी लागते. कुंभोजचा हा पोरगा जैन बोर्डिंगात राहत होता. मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला तो गेला, आणि परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्याने नकार दिला. बोर्डिंगाचे प्रमुख अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्याला काढून टाकलं. पुढे 1914 मध्ये कोल्हापुरात एका पुतळ्याला डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात लठ्ठ्यांना अडकवण्यासाठी खोटी साक्ष दे, असा दबाव भाऊरावांवर आला. ज्याने आपल्याला हाकललं त्याच्याविरुद्ध ही साक्ष होती. भाऊरावांनी तुरुंग सोसला, छळ सोसला, साक्ष दिली नाही. मला या प्रसंगाचं फार मोल वाटतं. वसतिगृहाने त्यांना बाहेर घालवलं, आणि तिथे अंगी बाणलेला ताठ कणा मात्र त्यांच्याबरोबर राहिला.

पुढे ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव फिरले. त्या फिरतीत त्यांनी शाळा नसलेली गावं पाहिली. 1919 मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था निघाली आणि 1924 मध्ये साताऱ्यात एक बोर्डिंग. नाव शाहू छत्रपतींचं, पण पद्धत कोल्हापूरच्या एक पाऊल पुढची. इथे सगळ्या जातींची मुलं एका चुलीवर स्वयंपाक करायची, एका पंगतीत जेवायची. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. जातीच्या भिंतीत जन्मलेल्या यंत्रणेतूनच भिंत पाडणारा माणूस निघाला, ही त्या यंत्रणेची सर्वांत मोठी कमाई मी मानतो.

आणखी एक नाव, बोर्डिंगांबाहेरचं पण धंद्यातून पुढे आलेल्या माणसाचं, घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. गंगाराम कांबळे. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या माणसाला महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि लवाजम्यासह तिथे थांबून चहा घेतला. महाराजांच्या मागे त्यांचं पहिलं स्मारक नर्सरी बागेत उभं करायला पुढे झाला तो हाच चहावाला, आपल्या बांधवांना बरोबर घेऊन.

आता आजचं बोलू, कारण काळजी तिथेच आहे.

बोर्डिंगांच्या जागा एकेकाळी गावाच्या कडेला होत्या, आज शहराच्या काळजात आहेत. अशा संस्थेला उत्पन्नाची साधनं मोजकीच: देणग्या, गाळ्यांचं भाडं, लग्नसमारंभांचं हॉल-भाडं. गाळा चार पैसे देतो, विद्यार्थी खर्च करवतो. कमिटीने डोळ्यांत तेल घालून पाहिलं नाही तर गाळे वाढतात आणि खाटा घटतात. 2025 मध्ये पुण्याच्या मॉडेल कॉलनीतल्या सेठ हिराचंद नेमचंद जैन बोर्डिंगच्या जागेचा विक्री व्यवहार उघड झाला, समाज रस्त्यावर उतरला आणि अखेर तो व्यवहार रद्द झाला. समाज जागा होता म्हणून जागा वाचली. प्रत्येक ठिकाणी तो जागा असेलच असं नाही.

दुसरी काळजी मुलींची. ही यंत्रणा मुलांसाठी जन्मली. शाहूवाडी, गगनबावडा, चंदगडच्या वाड्यांतून आज मुली शिकायला येतात, आणि स्वस्त, सुरक्षित खोली न मिळणं हा त्यांच्या शिक्षणातला पहिला अडसर असतो. जातीच्या चौकटीचा प्रश्न तर आहेच. 1901 मध्ये ती शिडी होती. आज तिचं कुंपण होऊ द्यायचं नसेल तर साताऱ्याची चूल कोल्हापुरात पेटवावी लागेल. चित्रदुर्ग मठाने ते एका परीने करून दाखवलंय. पंचगंगा पात्राबाहेर आली की सुतारवाड्यातल्या कुटुंबांना याच मठात आसरा मिळतो, आणि तेव्हा कोणी कोणाची जात विचारत नाही.

तिसरी काळजी मला सर्वांत जास्त सतावते. संघटनांचा पैसा अलीकडे दिसणाऱ्या गोष्टींकडे वळतो: स्टेज, कमान, डिजिटल फलक, पाहुण्यांचा सत्कार. नेतृत्व विकासाच्या नावाने हॉटेलात एका दिवसाचं शिबिर होतं, प्रमाणपत्रं वाटली जातात. कार्यक्रम व्हावेत, शहराला त्यांचा उत्साह हवाच. पण भाजीबाजारातून चाळीस पोरांची भाजी आणणं, महिनाअखेर मेसचा हिशेब जुळवणं, तुटलेल्या नळासाठी कमिटीपुढे उभं राहून भांडणं, यातून जो पुढारी तयार होतो तो शिबिरातून तयार होत नाही.

म्हणून चेंबर, असोसिएशन, सराफ संघ आणि कारखानदारांच्या सर्व संघटनांना विनंती आहे. यंदाच्या वार्षिक सभेत एक ठराव मांडा. प्रत्येक संघटनेने एक बोर्डिंग निवडावं, कोणत्याही समाजाचं. त्याच्या मेसच्या वर्षाच्या तुटीचा भार उचलावा, मुलींच्या खोल्यांसाठी निधी द्यावा, आणि अट एकच घालावी: कमिटीवर दोन विद्यार्थी असतील, त्यांतली एक मुलगी, आणि हिशेबाची वही त्यांच्या हातात असेल.