चार वर्षांचा दादा

मागच्या वेळी आपण बाळाच्या पहिल्या वर्षाबद्दल बोललो. त्यानंतर जे प्रश्न आले ते वाचताना आम्हाला वाटत होतं, की हे सगळे एकाच घरातून आलेत की काय. घरात दोन मुलं. धाकटं दीड-दोन वर्षांचं, नुकतंच पळायला आणि ओढायला शिकलेलं. थोरलं चार-साडेचारचं, बालवाडीत जाणारं. संध्याकाळी सहा ते आठ कुकरची शिट्टी, थोरल्याचं रडणं आणि धाकट्याचं त्याहून वरच्या पट्टीतलं रडणं. गंमत अशी की प्रश्न धाकट्याबद्दल फारसे नसतात. "थोरला हल्ली असा का वागायला लागलाय?" हा खरा प्रश्न असतो. म्हणून आज थोरल्यापासूनच सुरुवात करू. मी थोरला म्हणते आहे, थोरली असेल तरी तेच लागू आहे.

मराठी घरात दुसरं मूल येतं तेव्हा एक गोष्ट होते, ती इतकी सवयीची आहे की आपल्या लक्षातच येत नाही. पहिल्या मुलाचं नाव बदलतं. कालपर्यंत जो पिल्लू होता, राजा होता, तो दवाखान्यातून बाळ घरी आल्या दिवशी 'दादा' होतो. धाकट्याला तर अजून बोलताही येत नसतं. त्याच्या वतीने आपणच हाक मारतो. आई म्हणते दादा, बाबा म्हणतात दादा, आजी म्हणते, "दादाला विचारा तो काय जेवणार." शेजारचे काकासुद्धा. शब्द वाईट नाही हं, फार गोड शब्द आहे. पण त्याच्याबरोबर एक हुद्दा येतो, आणि त्या हुद्द्याची कामं कुणी समजावून सांगितलेली नसतात. ती कामं पुढे वर्षभर एकेक करून कळत जातात: दादाने रडायचं नाही, दादाने द्यायचं, दादाने थांबायचं, दादाने समजून घ्यायचं.

आता या चार कामांपैकी चार वर्षांच्या मुलाला खरोखर काय जमतं, ते बघू.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. थोरल्याने ठोकळ्यांचा बंगला बांधलाय. धाकटं येतं, एक फटका, बंगला खाली. थोरला ढकलतो, धाकटं पडतं. आपण स्वयंपाकघरातून धावत येतो आणि काय म्हणतो? "अरे, त्याला कळत नाही, तू मोठा आहेस ना?"

"त्याला कळत नाही" हे आपलं म्हणणं बरोबर आहे. दीड-दोन वर्षांच्या मुलाला बंगला दिसतच नाही, त्याला दिसतो एक उंच ढीग. ढीग ढकलला की आवाज होतो, तो कोसळतो, आणि दादा किंचाळतो. म्हणजे एका फटक्यात तीन गोष्टी घडतात. ते पुन्हा करून बघायलाच हवं, नाही का? यात खोडी नाही, तपासणी आहे. याच वयात 'माझं' हा शब्दही जोरात असतो. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ब्यूला अ‍ॅम्स्टरडॅम या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलाच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावायचा आणि त्याला आरशासमोर न्यायचं. लहान बाळं आरशातल्या बाळाकडे बघून हसतात, त्याला हात लावतात. दीड ते दोन वर्षांच्या सुमाराला बहुतेक मुलं स्वतःच्या नाकाला हात लावायला लागतात. म्हणजे 'तो मीच' हे त्यांना कळायला लागतं. आणि 'मी' सापडला की 'माझं' फार लांब नसतं. तेव्हा धाकट्याने दादाची गाडी छातीशी धरून "माझं" म्हटलं तर त्याला लोभी म्हणू नका. नवा शब्द मिळालाय, तो लावून बघतोय.

पण आपल्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग, "तू मोठा आहेस ना", तिथे गडबड आहे. "त्याला कळत नाही" हे समजायला थोरल्याला काय करता आलं पाहिजे? दुसऱ्याच्या डोक्यात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असू शकतं, हे कळलं पाहिजे. हे केव्हा कळतं? विमर आणि पेर्नर या दोघांनी १९८३ साली यावर एक छान गोष्ट रचून मुलांना सांगितली होती. मॅक्सी नावाचा मुलगा चॉकलेट निळ्या कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते हिरव्या कपाटात ठेवते. मॅक्सी परत आला की चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं बहुधा हिरवं कपाट म्हणतात. चॉकलेट तिथे आहे हे त्यांना माहीत असतं, मग मॅक्सीला कसं माहीत नसेल? चार ते पाचच्या दरम्यान हे उत्तर बदलायला लागतं. बदलायला लागतं एवढंच, आणि तेही शांत बसून गोष्ट ऐकताना. बंगला पडलेला असताना, डोळ्यांत पाणी असताना नाही. म्हणजे जी समज त्याला कालपरवा फुटायला लागली आहे, ती दिवसातून दहा वेळा वापर, असं आपण त्याला सांगतो. तेही संतापात.

आणि तो संताप आवरणं? मेंदूचा जो भाग मनाला लगाम घालतो त्याची वाढ विशी उलटेपर्यंत चालू असते. ते आपल्यालाच नीट जमत नाही. (हशा) हसताय, पण कालची संध्याकाळ आठवा.

इथे आम्हाला आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. आमच्या बालवाडीत एक चार वर्षांचा मुलगा होता. बहीण चालायला लागली आणि हा पुन्हा चड्डी ओली करायला लागला. असं होतं, ते नवीन नाही. आम्ही मात्र सगळ्या मुलांसमोर म्हणालो, "अरे, तू आता दादा झालास ना?" दुसऱ्या दिवसापासून तो फाटकाशी अडून बसायला लागला. काही केल्या आत येईना. का येत नाहीस म्हणून विचारलं तर म्हणायचा, "मला दादा नको." आम्हाला वाटलं, कुणी मोठा मुलगा याला त्रास देत असेल. चार दिवस आम्ही तो दादा शोधत होतो. मग त्याच्या आजीने सांगितलं, "अहो बाई, त्याला दादा व्हायचं नाहीये." त्यानंतर आम्ही त्याला नावाने हाक मारायला लागलो, ओली चड्डी गुपचूप बदलायला लागलो, त्यावर काही बोलणं बंद केलं. सगळं रुळावर यायला महिना-दीड महिना गेला. नुसत्या हाकेने झालं असं आम्ही म्हणणार नाही, घरीही त्यांनी बरंच बदललं. पण त्या चार दिवसांची आम्हाला अजून लाज वाटते.

आता दुसरी तक्रार. "आम्ही दोघांना अगदी सारखं देतो, तरी हा म्हणतो तिला जास्त दिलं." हे मत्सराचं लक्षण म्हणून सांगितलं जातं. एकदा घरी करून बघा. एकसारख्या दोन पेल्यांत सारखं दूध घ्या. थोरला म्हणेल, सारखं आहे. मग त्याच्या डोळ्यांदेखत एका पेल्यातलं दूध उंच, निमुळत्या ग्लासात ओता. आता विचारा. बहुतेक चार वर्षांची मुलं उंच ग्लासाकडे बोट दाखवतात, यात जास्त. जाँ पियाजे या स्विस संशोधकाने दाखवलेली ही गोष्ट आहे, साधारण सहा-सात वर्षांचं होईपर्यंत मुलं अशीच फसतात. म्हणजे धाकटीला उंच झाकणाच्या कपात आणि याला पसरट वाटीत तुम्ही मोजून सारखं दिलंत, तरी त्याच्या डोळ्यांना ते सारखं नाहीच. तो खोटं बोलत नाही आणि जळतही नाही, त्याला जसं दिसतं तसं तो सांगतोय. पोळीचे तुकडे केले की जास्त पोळी होते, हेही तसंच. समजावण्यात संध्याकाळ घालवू नका. एकसारखी दोन फुलपात्रं घ्या, भांडण मिटतं. सगळ्या गोष्टी अशा पन्नास-शंभर रुपयांत सुटत नाहीत, ही सुटते.

तिसरी गोष्ट जरा कठोरपणे सांगावी लागते. "दादा, बाळाकडे बघ हं, मी आलेच." दूध उतू जात असतं, दारावर कुणी आलेलं असतं, घरात दुसरं माणूस नसतं, आम्हाला ते ठाऊक आहे. पण चार वर्षांचं मूल राखण करू शकत नाही. त्याला लक्ष ठेवायला सांगितलं की ते दोन मिनिटं ठेवेल, मग खेळात रमेल, आणि तेच बरोबर आहे. इकडे दोन वर्षांचं मूल पाण्याच्या बादलीत वाकतं. त्या वयात डोकं अंगाच्या मानाने जड असतं, तोल गेला की त्याला स्वतःहून वर येता येत नाही. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी धोका असतो. म्हणून बाथरूमची कडी वरून लावायची आणि बादली पालथी घालायची. अख्खे शेंगदाणे, फुटाणे चार-पाच वर्षांपर्यंत दोघांनाही नकोत, दाण्याचं कूट चालेल, द्राक्षं उभी चिरून द्या. बोरन्हाणाला तर बघा, धाकट्याच्या डोक्यावरून बोरं आणि गोळ्या ओततो, आजूबाजूची मुलं वेचतात, आणि ज्याचं बोरन्हाण ते बाळ मधे बसून हाताला लागेल ते तोंडात घालतं. चुरमुरे ठेवा, बोरं आणि गोळ्या वेगळ्या वाटा. खेळण्यातले आणि रिमोटमधले बटणासारखे गोल सेल तर घरभर शोधून काढा. असा सेल पोटात गेला असं वाटलं तरी थांबून बघायचं नाही, लगेच दवाखान्यात जायचं. आणि यातलं काही घडलं तर "तुला बघायला सांगितलं होतं ना" हे वाक्य थोरल्याच्या वाट्याला येता कामा नये. ते वाक्य मुलं जन्मभर विसरत नाहीत.

धाकट्याला राखणाऱ्या मुलांचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. ताराबाई मोदक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, आता तो पालघर जिल्हा आहे, आदिवासी मुलांसाठी काम केलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. साधा हिशोब आहे. ज्याच्या कडेवर धाकटं भावंड आहे त्याने शाळेत यावं असं वाटत असेल, तर आधी ते भावंड कुणीतरी उतरवून घेतलं पाहिजे. आपल्या घरातल्या थोरल्याच्या कडेवरचं ओझं दिसत नाही, एवढाच फरक.

मग संध्याकाळी करायचं काय? "दोघं मिळून खेळा" हे दोन वर्षांच्या मुलाला सांगून उपयोग नसतो. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळाचं निरीक्षण करून लिहिलं, की या वयाची मुलं बरीचशी शेजारी शेजारी खेळतात, एकमेकांबरोबर नाही. तेव्हा शेजारी शेजारी खेळतील असं द्या. कणकेचे दोन गोळे, दोन पाट, मधे हातभर अंतर. ठोकळ्यांचा बंगला मात्र उंचावर बांधू दे, दिवाणावर किंवा जेवणाच्या टेबलावर, जिथे धाकट्याचा हात पोचत नाही. जागा लहान असेल तर खोलीचा एक कोपरासुद्धा चालतो, पण तो आपण राखायचा, त्याने नाही. आणि एक-दोन वस्तू अशा असू देत, ज्या त्याला कधीच कुणाला द्याव्या लागणार नाहीत. मोठी माणसं आपला मोबाइल तरी कुठे वाटून घेतात?

आणखी एक, झोप. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय, की एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. धाकटं दुपारी झोपून ताजंतवानं होऊन उठतं. थोरल्याने दुपारची झोप सोडलेली असते, सकाळी लवकर उठून तो बालवाडीत जाऊन आलेला असतो. सात वाजता हे दोघं समोरासमोर येतात, एक नुकता उठलेला आणि एक पेंगुळलेला. अर्धी भांडणं तिथली. त्याचं जेवण साडेसहाला आधी उरकून बघा. आणि धाकटं दुपारी झोपलं की त्या वेळातली वीस मिनिटं थोरल्याची. त्याला काही शिकवायचं नाही, मोबाइल हातात द्यायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं. भांडी थोडी उशिरा घासली तर चालतात.

एक आई आम्हाला म्हणाल्या, धाकटा चार वर्षांचा झाला तेव्हा त्यांनी थोरल्याचे त्या वयातले फोटो काढून बघितले. "एवढासा होता हो," त्या म्हणाल्या, "आणि मी त्याला रोज मोठा मोठा म्हणत होते." धाकटा त्याच वयाचा समोर उभा होता, आणि त्याला त्या अजून बाळ म्हणत होत्या.

त्यांनी आम्हाला विचारलं, मग दादा म्हणायचंच नाही का? जरूर म्हणा. धाकट्याला म्हणू दे, ती त्याची हाक आहे. बहिणीला हसवल्यावर थोरला स्वतःहून "मी दादा आहे" म्हणत असेल तर त्याला आनंदाने हो म्हणा. आपण मोठ्यांनी मात्र त्याला त्याच्या नावाने बोलवावं. निदान तो रडत असेल तेव्हा तरी.

तर प्रश्न घेऊ. मागून एक हात कधीचा वर आहे, आधी त्यांना माइक द्या.