नातवंडांना जबलपूर दाखवताना: एका दिवशी एकच जागा

फौजेतून निवृत्त झाल्यावर मी जबलपूरलाच घर केलं. दर डिसेंबरात पुण्याहून नातवंडं येतात. नातू आता सात वर्षांचा आहे, नात साडेचारची. लहान मुलांना आपल्या गावातल्या जागा कशा दाखवाव्यात, हा आजचा विषय. पण आधी माझी चूक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी एका दिवसाचा कार्यक्रम कागदावर लिहून काढला. मदनमहाल, तिलवारा घाट, चौसष्ट योगिनी मंदिर आणि शेवटी धुआंधार. वेळा अगदी मिनिटांसकट. योगिनी मंदिराला शंभरावर पायऱ्या. त्या नातीला कडेवर घेऊन चढलो. धुआंधारला पोचेपर्यंत दोघंही थकून गेली होती. तुषारांनी ओल्या झालेल्या दगडावर नातवाचा पाय घसरला. माझ्या हातातला त्याचा ओला हात सुळकन निसटला. मागून सुनेने त्याचा शर्ट धरला म्हणून तो तिथेच बसला. काही झालं नाही. पण परतताना गाडीत कुणी बोललं नाही. रात्री सून शांतपणे म्हणाली, "बाबा, ती तुमची जवान मंडळी नाहीत."

तेव्हापासून आमचा नियम एकच. एका दिवशी एक जागा, आणि तिथे एक प्रश्न.

कारण असं की लहान मूल थकतं ते हळूहळू नाही, एकदम थकतं. पाच मिनिटांपूर्वी पळणारं पोर अचानक रस्त्यात बसतं. आपल्याला वाटतं हट्ट करतंय, पण त्याचे पाय संपलेले असतात. आणि थकलेल्या पायांचा तोल जातो. म्हणून पाण्याची किंवा उंचावरची जागा कधीही दिवसाच्या शेवटी ठेवू नका.

आता जागा सांगतो. पहिली, मदनमहालाजवळचा बॅलन्सिंग रॉक. एका मोठ्या खडकावर दुसरा टोलेजंग खडक जेमतेम टेकलेला आहे. मी काही बोलायच्या आत नातवाने विचारलं, "आबा, हा पडत का नाही?" झाला दिवसाचा प्रश्न! हा दगड कुणी उचलून ठेवलेला नाही. ग्रॅनाइटला भेगा पडल्या, ऊन, पाणी आणि वारा यांनी कडा झिजत गेल्या आणि मधला गाभा जागेवर राहिला. त्याच्या वजनाचा मध्य खालच्या टेकणीच्या बरोबर वर येतो, म्हणून तो पडत नाही. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला मोठा भूकंप झाला, शहरात घरं पडली, माणसं गेली. हा दगड मात्र हलला नाही. हे समजावायला शब्द कमी पडले, तेव्हा आम्ही खडे घेऊन एकावर एक रचत बसलो. तासभर गेला. किल्ल्यावर गेलोच नाही, आणि काही बिघडलं नाही.

दुसरी गोष्ट डायनासोरची. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला छावणीजवळच्या बडा शिमला टेकडीच्या परिसरात काही दगडी हाडं मिळाली. ठगांचा बंदोबस्त करणारा तो हाच स्लीमन. 'डायनासोर' हा शब्दच तेव्हा जन्माला आला नव्हता. तो आला १८४२ मध्ये. पुढे १८७७ मध्ये लायडेकर या शास्त्रज्ञाने या प्राण्याला टायटनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. ज्या खडकांत असे अवशेष मिळतात, त्यांना जगभर लमेटा म्हणतात, आणि ते नाव आलंय आपल्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून. ही गोष्ट आदल्या रात्री घरी सांगा, मग टेकडी खालून दाखवा. खणायचं नाही, दगड खिशात घालायचे नाहीत, हेही तेव्हाच शिकवा.

तिसरी जागा डुमना, विमानतळाच्या रस्त्यावर. मी नातीला चितळ दाखवत होतो आणि ती वाकून वारूळ बघत होती. तिच्या उंचीवरून तेच दिसतं. मग मीही उकिडवा बसलो. जमिनीवर पाहण्यासारखं इतकं असतं, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

आणि धुआंधार? गेलो की परत. पण सकाळी, पोटभर नाश्ता करून, आणि फक्त धुआंधारच. मुलाचा पंजा धरायचा नाही, मनगट धरायचं. ओला पंजा निसटतो. एका मुलामागे एक मोठा माणूस, आणि फोटो काढणारा वेगळा. पायात पट्ट्याचे बूट, चप्पल नाही. कठड्याच्या पुढे कुणीही जायचं नाही, आपणसुद्धा. भेडाघाटची नाव पावसाळ्यात बंद असते. इतर दिवसांत मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट मिळालं तरच बसायचं. नाही मिळालं तर काठावरून संगमरवर बघायचा.

फौजेतली एक सवय मात्र इथे उपयोगी पडते, ती म्हणजे रेकी. आदल्या दिवशी एकटे जाऊन या. सावली कुठे, स्वच्छतागृह कुठे, पायऱ्या किती, गाडी कुठवर जाते, एवढं बघून ठेवा. पिशवीत पाणी, चिवडा, टोपी आणि कपड्यांचा एक जादा जोड हवाच.

यंदा स्टेशनवर निघताना नातवाने मला बजावलं, "आबा, तो दगड पडला तर लगेच फोन करा." मी हो म्हटलं. दर रविवारी फिरायला जातो, तेव्हा बघून येतो आणि फोनवर त्याला खबर देतो: दगड जागेवर आहे.

तुमच्या गावातही असा एखादा दगड, ओढा किंवा वारूळ असेलच. या रविवारी फक्त तेवढंच दाखवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.